आधी रकाने, मग मजकूर : कार्यालयीन तक्त्यामागची गोष्ट

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या कुठल्याही कचेरीतलं पत्रक हातात घ्या. पहिला रकाना 'अ.क्र.', शेवटचा 'शेरा', आणि मथळ्यांखाली बहुधा १, २, ३, ४ अशी आकड्यांची एक ओळ. वर्ड नव्याने शिकणारा हे सगळं मुकाट उचलतो आणि मग रेघा सरळ करण्यात दुपार घालवतो. ही वळणं कुठून आली ते पाहिलं, तर त्यातलं कामाचं काय आणि नुसतं सवयीचं काय, हे कळायला सोपं जातं.

रेघा नसलेला तक्ता आपल्याकडे जुनाच. व्यापाऱ्यांच्या लाल कापडी वहीत छापील रेघ नसे. कागदाला उभ्या घड्या घालून सळ पाडायचे, तेच रकाने. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजायची ती याच बांधणीची. लिहायला सुरुवात करण्याआधी घडी घातलेली असे, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजी अमलाखाली आला आणि पुढे जमिनीची मोजणी, आकारणी, गाव नमुने असं दप्तर वाढत गेलं. आपला सातबारा म्हणजे त्यातले नमुना ७ आणि नमुना १२ एकत्र. इथे रकाने ठरवायचं काम तलाठ्याचं नव्हतंच. ते छापून येत, त्याने फक्त भरायचे. रुंद नोंदवहीत एकच ओळ समोरासमोरच्या दोन पानांवर जाई. अशा वेळी 'रकाना ६ मधून रकाना ९ वजा' म्हणणं सोयीचं, म्हणून ती आकड्यांची ओळ. चार रकान्यांच्या हजेरीपत्रकात तिचं काही काम नाही, तरी ती असते!

खरं कसब टाइपरायटरच्या काळात लागलं. गोदरेजचं देशी मशीन १९५५ साली आलं. तालुक्याच्या गावांतून टायपिंगचे क्लास चालू लागले आणि परीक्षेत 'स्टेटमेंट' हा धडकी भरवणारा प्रश्न असे. ते टाइप करण्याआधी पेन्सिलीने हिशोब करावा लागे. फूलस्केप कागद साडेआठ इंच रुंद, इंग्रजी पायका मशीनवर इंचाला १० अक्षरं, म्हणजे ओळीत ८५. समजा पाच रकाने आहेत. प्रत्येकातली सर्वांत लांब नोंद मोजली, ती ४, २२, १०, १२ आणि १० अक्षरांची निघाली, बेरीज ५८. दोन्ही बाजूंचा मिळून समास १५. उरले १२, ते मधल्या चार फटींत तीन-तीन. मग त्या त्या जागी टॅबचे थांबे लावायचे आणि तेव्हा कुठे पहिली कळ दाबायची. मराठीत आणखी भानगड : काना स्वतःची जागा घेई, मात्रा घेत नसे. उभ्या रेघा शेवटी पट्टी-पेनाने. विकास सोसायटीचं पीककर्जाचं पत्रक (क.म. पत्रक), म्हणजे सभासद, क्षेत्र, पीक, कर्जमर्यादा असा लांबलचक मामला, लांब कॅरेजच्या मशीनशिवाय बसत नसे. एक नाव ठरल्यापेक्षा लांब निघालं की कागद बदला.

संगणकाने ही मोजणी काढून घेतली. १९७९ च्या व्हिजिकॅल्क या प्रोग्रामने आकड्यांचा तक्ता पडद्यावर आणला, १९८९ च्या वर्डपरफेक्ट ५.१ या लेखनाच्या प्रोग्राममध्ये पत्रातच तक्ता घालता येऊ लागला. आपल्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांतून हे गावोगाव पोचलं. पण मोजणीबरोबर आधी ठरवण्याची सवयही गेली, आणि माझ्या मते नवशिक्याचा वेळ नेमका तिथेच जातो. टाइपरायटरची जी सवय टिकली ती नको होती : स्पेसबार दाबत दाबत रकाने जुळवणं. मशीनवर प्रत्येक अक्षराची जागा सारखी होती म्हणून ते जमे. संगणकाच्या फॉन्टमध्ये 'र' अरुंद, 'क्ष' रुंद. फॉन्ट बदलला की रांग मोडते. जुन्या फॉन्टमधल्या फायली युनिकोडमध्ये आणताना हे अनेकांनी भोगलं आहे.

तेव्हा रावेर-यावलकडच्या केळी उत्पादकांची यादी करायची असेल, तर आधी रकाने आणि प्रत्येकातली सर्वांत लांब नोंद कागदावर लिहा. मग इन्सर्टमधून टेबल घ्या, रुंदी स्वतः ठरवा आणि ऑटोफिट बंद करा, नाहीतर लांब आडनाव आलं की शेजारचे रकाने आक्रसतात. रकमा उजवीकडे लावा. मथळ्याच्या ओळीला 'रिपीट हेडर रोज' दिलं की पुढच्या पानावर मथळा आपोआप येतो. नोंदवहीत तो पानोपानी छापलेला असे. शेवटच्या घरात, म्हणजे सेलमध्ये, टॅब दाबला की नवी ओळ मिळते. घरं जोडण्याचा, म्हणजे मर्ज करण्याचा मोह टाळा. जोडलेली घरं असली की वर्ड यादी गावानुसार लावून देत नाही.

आणि स्पेस-टॅबने जुळवलेली जुनी फाइल हाती आली तर पुन्हा टाइप करू नका. दोन नोंदींमध्ये एकच टॅब राहील असं बघा, जुळवणीसाठी मारलेल्या स्पेस काढा, मग मजकूर निवडून 'कन्व्हर्ट टेक्स्ट टू टेबल' द्या. दोन टॅब सलग राहिले तर मध्ये रिकामा रकाना पडतो, तेवढं तपासा.