स्वच्छंदतावादी काव्यविचार

काव्य, कवी आणि काव्यभाषा यांविषयी अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रामुख्याने जर्मनी आणि इंग्लंड येथे मांडला गेलेला विचार. मराठी समीक्षेत त्यास ‘रोमँटिक काव्यविचार’ असेही म्हणतात. येथे मुख्यतः इंग्रजी परंपरेचा परामर्श घेतला आहे. ज्या कवींना आज स्वच्छंदतावादी म्हटले जाते त्यांनी हे नाव स्वतःसाठी वापरले नव्हते. ही संज्ञा अनेकवचनीच समजावी, म्हणजे एक नव्हे तर परस्परभिन्न असे अनेक स्वच्छंदतावाद मानावेत, असे विचारेतिहासाचे अभ्यासक आर्थर लव्हजॉय यांनी १९२४ मध्ये प्रतिपादिले. समीक्षक रेने वेलेक यांनी १९४९ मध्ये त्याचा प्रतिवाद करून कल्पनाशक्ती, निसर्ग आणि प्रतीक यांविषयीच्या समान धारणांवर बोट ठेवले. काव्यविचारापुरते पाहता वेलेक यांचे मत अधिक उपयोगी ठरते.

इंग्लंडमधील आरंभ सामान्यतः १७९८ मध्ये निनावी प्रसिद्ध झालेल्या ‘लिरिकल बॅलड्स’ या विल्यम वर्ड्‌स्वर्थ आणि सॅम्युएल टेलर कोलरिज यांच्या संग्रहापासून धरतात. त्यात केवळ एक छोटे निवेदन होते. विख्यात प्रस्तावना दुसऱ्या आवृत्तीत आली. तिच्या मुखपृष्ठावर १८०० हे साल असले, तरी ती प्रत्यक्षात जानेवारी १८०१ मध्ये वाचकांच्या हाती पडली. ‘कवी म्हणजे कोण?’ या प्रश्नाचे विवेचन तर १८०२ च्या आवृत्तीत प्रथम आढळते. त्यामुळे १८०० ची म्हणून उद्धृत होणारी काही वाक्ये वस्तुतः नंतरच्या पाठातील असतात, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. प्रस्तावनेच्या कर्तृत्वाचा प्रश्नही सरळ नाही. ती वर्ड्‌स्वर्थ यांनी लिहिली. मात्र ती आपल्याही बुद्धीचे निम्मे अपत्य असून उभयतांच्या संभाषणांतून जन्मली, असे कोलरिज यांनी १८०२ मधील एका पत्रात म्हटले आहे.

काव्य म्हणजे उत्कट भावनांचा उत्स्फूर्त उद्रेक, हे प्रस्तावनेतील वचन सर्वपरिचित आहे. ते बहुधा अर्धेच सांगितले जाते. दीर्घ आणि सखोल चिंतन केलेल्या माणसाकडूनच असे काव्य निर्माण होते व त्याचा उगम शांत चित्ताने आठवलेल्या भावनेत असतो, हा त्याचा उर्वरित भाग वगळला की वर्ड्‌स्वर्थ यांचा सिद्धांत निव्वळ भावविवशतेचा ठरतो, आणि तो तसा खचितच नाही.

खरा वाद झाला तो भाषेवरून. काव्याने ग्रामीण माणसांची खरी बोली स्वीकारावी, तसेच गद्याची भाषा आणि छंदोबद्ध रचनेची भाषा यांत मूलतः भेद नाही, असे वर्ड्‌स्वर्थ यांचे म्हणणे होते. पुराव्यादाखल त्यांनी कवी टॉमस ग्रे यांनी आपले मित्र रिचर्ड वेस्ट यांच्या निधनावर १७४२ मध्ये लिहिलेले सुनीत (चौदा ओळींची कविता) घेतले. त्यात उगवत्या सूर्यासाठी ‘फीबस’ हे देवतानाम आणि ‘सोनेरी अग्नी’ अशी ठरीव शब्दयोजना आहे. चौदांपैकी ज्या पाच ओळींत कवी आपले एकाकी दुःख आणि ऐकू न शकणाऱ्या मित्रासाठीचा व्यर्थ शोक साध्या शब्दांत सांगतो, तेवढ्याच ओळी वर्ड्‌स्वर्थ यांनी तिरप्या अक्षरांत छापून मोलाच्या ठरविल्या. पंडिती काव्यातील अलंकरण परिचित असलेल्या मराठी वाचकास ही तक्रार परकी वाटू नये.

कोलरिज यांनी ‘बायोग्राफिया लिटरारिया’ (१८१७) या ग्रंथाच्या सतराव्या प्रकरणापासून या मताची तपासणी केली. ग्रामीण माणसाच्या बोलीतून प्रादेशिक लकबी व ओबडधोबडपणा काढून टाकला की ती कोणाही समंजस माणसाची भाषा उरते. शिवाय भाषेचा उत्तम अंश मनाने स्वतःच्याच व्यापारांवर केलेल्या चिंतनातून येतो, असे त्यांनी दाखविले. ग्रे यांचे तेच सुनीत पुन्हा हाती घेऊन, त्या गौरविलेल्या ओळींपैकी दोन ओळींतील शब्दक्रमही गद्याचा नव्हे, हे त्यांनी निदर्शनास आणले. छंद स्वीकारला की शब्दांची निवड व रचना बदलतेच, हा त्यांचा निष्कर्ष अधिक ग्राह्य वाटतो.

याच ग्रंथाच्या तेराव्या प्रकरणात प्राथमिक कल्पनाशक्ती, द्वितीयक कल्पनाशक्ती आणि ‘फॅन्सी’ असा भेद अवघ्या काही वाक्यांत केला आहे. प्राथमिक कल्पनाशक्ती ही सर्व मानवी संवेदनाची मूळ शक्ती होय. द्वितीयक कल्पनाशक्ती अनुभव विरघळवून नव्याने घडविते. फॅन्सी स्मृतीतील तयार वस्तूंची केवळ जुळवाजुळव करते. या विवेचनाचे मूळ विवाद्य आहे. निबंधकार टॉमस डी क्विन्सी यांनी १८३४ मध्ये, कोलरिज यांच्या मृत्यूनंतर लगेच, शेलिंग या जर्मन तत्त्वज्ञाच्या लेखनाची उचल केल्याचा आरोप केला. १८४० मध्ये तत्त्वज्ञ जे. एफ. फेरियर यांनी तो तपशिलाने मांडला. कन्या सारा यांनी १८४७ च्या आवृत्तीत पित्याची बाजू घेतली. बाराव्या प्रकरणातील उताऱ्यांबाबत हा आरोप नाकारता येत नाही. वर्ड्‌स्वर्थ यांच्या भाषेवरील प्रकरणांना मात्र तो लागू होत नाही.

कवीच्या स्वरूपाविषयी एकमत नव्हते. वर्ड्‌स्वर्थ यांच्या मते कवी हा माणसांशी बोलणारा माणूस होय. कवी शेली यांनी लेखक टॉमस लव्ह पीकॉक यांच्या काव्यावर टीका करणाऱ्या १८२० मधील निबंधास उत्तर म्हणून १८२१ मध्ये लिहिलेल्या ‘अ डिफेन्स ऑफ पोएट्री’ (प्रकाशन १८४०) मध्ये कवींना जगाचे मान्यता न मिळालेले विधिकर्ते म्हटले. कवी कीट्स यांनी शंका व गूढ यांत अस्वस्थ न होता राहण्याच्या कवीच्या क्षमतेचा उल्लेख बहुधा डिसेंबर १८१७ मधील पत्रात केला. ते पत्र केवळ नकलेच्या रूपात उरल्याने त्याची तिथी निश्चित नाही. कवीला स्वतःचे असे व्यक्तित्वच नसते, हे त्यांचे ऑक्टोबर १८१८ मधील विधान वर्ड्‌स्वर्थ यांच्या आत्मकेंद्रित भव्यतेला उद्देशून आहे.

मराठीत या विचाराचा ठसा केशवसुत (१८६६–१९०५) यांच्या कवितेवर स्पष्ट दिसतो. सुनीत हा प्रकार त्यांनी ‘चतुर्दशक’ या नावाने रूढ केला. ‘आम्ही कोण?’ मधील कवीविषयीचा दावा शेली यांच्या भूमिकेस जवळचा आहे. कवितेचे वृत्त मात्र शार्दूलविक्रीडित हे संस्कृत परंपरेतील आहे.