फळ्यावरून कॉम्प्युटरवर आणि परत फळ्यावर

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी 'आकाशतीर' हे नाव एकदम सगळ्यांच्या तोंडी आलं, आणि बऱ्याच जणांना वाटलं की हे एखादं मिसाईल असणार. मिसाईल नाहीये ते. भारत इलेक्ट्रॉनिक्सकडे मार्च २०२३ मध्ये आलेलं १,९८२ कोटींचं काम आहे, लष्कराच्या सगळ्या रडारचं चित्र एका जागी आणायचं आणि कोणी काय पाडायचं हे पटकन ठरवता यावं. यालाच कमांड अँड कंट्रोल म्हणतात. पण याची जुनी गोष्ट बघायची तर अमेरिकेत जावं लागतं, कारण सुरुवात तिथली आणि घोळही तिथलेच जास्त (निदान जाहीर झालेले तरी).

ऑगस्ट १९४९ मध्ये रशियाने अणुबॉम्ब फोडला आणि अमेरिकेच्या लक्षात आलं की बॉम्बर आले तर आपल्याकडे काय आहे, तर रडारवाला फोनवर सांगणार आणि दुसरा ते बोर्डावर हाताने मांडणार. मग तिथल्या एमआयटी विद्यापीठाच्या लोकांना धरून 'सेज' उभं केलं, म्हणजे रडारचं चित्र कॉम्प्युटरवर आणणारं सेंटर्सचं जाळं, पहिलं सेंटर १९५८ मध्ये न्यू जर्सीत सुरू झालं. एकेक मशीन अडीचशे टनांच्या आसपास, हजारो व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या), आणि प्रत्येक सेंटरला जोडीने दोन, म्हणजे एक बंद पडलं तर दुसरं तयार. ऑपरेटर स्क्रीनवरच्या ठिपक्यावर लाईट गन रोखून विमान निवडायचा, आणि त्याच कन्सोलमध्ये सिगारेट लायटर आणि ॲशट्रेपण बसवलेला! पण सगळी सेंटर्स उभी राहीपर्यंत धोका बॉम्बरचा राहिलाच नव्हता, क्षेपणास्त्रं आली होती. तरी सेज १९८० च्या दशकापर्यंत चाललं.

१९६२ मध्ये जगभरच्या तळांना जोडणारी यंत्रणा ठरली, बोलताना तिला 'विमेक्स' म्हणायचे. कागदावर एक, प्रत्यक्षात ज्याचं त्याचं वेगळं. जून १९६७ मध्ये अमेरिकेच्या 'लिबर्टी' या हेरगिरीच्या जहाजाला किनाऱ्यापासून लांब जा असे निरोप पाठवलेले, ते वेळेत पोचलेच नाहीत, एक तर चक्क फिलिपिन्सला गेला, आणि इस्रायलच्या हल्ल्यात ३४ माणसं मेली. मग कुठे १९७१ मध्ये एकसारखे ३५ हनीवेल मेनफ्रेम (मोठे कॉम्प्युटर) घ्यायचं ठरलं.

नोरॅडचं, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या हवाई संरक्षण कमांडचं, तर विचारूच नका. ९ नोव्हेंबर १९७९ ला सरावाचा डेटा खऱ्या सिस्टीममध्ये शिरला आणि स्क्रीनवर रशियन क्षेपणास्त्रं दिसायला लागली. सात महिन्यांनी, ३ जून १९८० ला, शून्याच्या जागी २ यायला लागले, म्हणजे आधी २ क्षेपणास्त्रं, मग एकदम शेकड्यांनी... आणि शेवटी निघालं काय, तर ४६ सेंटची एक चिप बिघडलेली. पहिल्या प्रकारानंतर टेस्टिंगसाठी वेगळी जागा केली. आज आपण प्रॉडक्शनवर (म्हणजे लोक खरोखर वापरतायत त्या सिस्टीमवर) टेस्ट करू नका म्हणून ज्युनिअरला ओरडतो, तो धडा इथे किती महागात पडला असता बघा.

मला सगळ्यात भारी वाटतो तो १९९१ च्या आखाती युद्धाचा किस्सा. कोणतं विमान कधी कुठे जाणार याचा रोजचा आदेश रियाधमध्ये कॉम्प्युटरवर तयार व्हायचा, शेकडो पानं, पण नौदलाच्या जहाजांवर तो घेणारी सिस्टीमच नाही, मग काय, विमानात घालून प्रत्यक्ष नेऊन द्यायचे. टपाल! विमेक्स शेवटी ऑगस्ट १९९६ मध्ये बंद केलं.

आणि तरीही २०१६ मध्ये सिलिकॉन व्हॅलीतली मंडळी कतारमधल्या अमेरिकेच्या अल उदैद हवाई तळावर गेली तेव्हा हवेत इंधन देणाऱ्या टँकर विमानांचं रोजचं वेळापत्रक व्हाईटबोर्डावर लोहचुंबकाच्या चकत्या सरकवून लागत होतं. तिथलं सॉफ्टवेअर बदलायचं काम चालूच होतं हो, वर्षानुवर्षं, ३७ कोटी ४० लाख डॉलरचा खर्च ७४ कोटी ५० लाखांवर गेला आणि जुलै २०१७ मध्ये ते कंत्राट गुंडाळलं. कारण साधं, आधी सगळ्या गरजा लिहून काढायच्या, मग बांधायचं, मग टेस्ट, तोवर वापरणाऱ्याची गरजच बदललेली. त्याउलट टँकरसाठीचं 'जिगसॉ' हे सॉफ्टवेअर थोड्या लोकांनी वापरणाऱ्यांच्या शेजारी बसून काही महिन्यांत केलं, आणि त्याच टीमचं पुढे बॉस्टनमधलं 'केसल रन' हे हवाई दलाचं सॉफ्टवेअर युनिट झालं, ते नावच मुळी 'स्टार वॉर्स' सिनेमातल्या स्मगलिंगच्या वाटेचं आहे.

सगळंच इतकं भरभर बदललं असं मात्र नाही. अमेरिकेच्या अण्वस्त्र दलांना आदेश पाठवणारी सिस्टीम २०१६ च्या सरकारी अहवालाप्रमाणे १९७० च्या दशकातल्या आयबीएम कॉम्प्युटरवर आणि ८ इंची फ्लॉपीवर चालत होती. फ्लॉपी गेल्या २०१९ मध्ये, आयबीएमचं मशीन लगेच काढलं नाही.