इनामगावच्या गोल झोपड्या आणि लोणारचा गाळ

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथल्या पांढरीच्या टेकाडांवर डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या देखरेखीखाली १३०हून जास्त घरांचे अवशेष उजेडात आले. दख्खनमधल्या आद्य शेतकऱ्यांचे एक अख्खे गावच मातीतून वर आले म्हणा ना. जुने हवामान आणि माणसाचे जगणे यांचा संबंध कसा शोधतात, हे समजून घ्यायला मला याहून चांगले ठिकाण आपल्याकडे दिसत नाही.

गाव वसले इ.स.पू. १६००च्या सुमारास. इ.स.पू. १४०० ते १००० हा तिथला भरभराटीचा काळ, पुराविदांच्या भाषेत ‘पूर्व जोर्वे’ (जोर्वे या गावाच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या संस्कृतीचा आधीचा टप्पा). घरे ऐसपैस आणि चौकोनी, नदीचे पाणी वळवायला पाट आणि बांध, पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार. त्यानंतरच्या ‘उत्तर जोर्वे’ थरांत चित्र पालटते. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, मडक्यांची घडण बेताची होते, गहू कमी होतो, शिकारीच्या जनावरांची हाडे वाढतात. प्रवरा-गोदावरीच्या खोऱ्यांतली बहुतेक गावे तर इ.स.पू. १०००च्या आसपासच ओस पडली होती. इ.स.पू. ७००च्या सुमारास इनामगावही उठले.

ढवळीकरांनी याचे उत्तर हवामानात शोधले. पाऊस घटला, शेती परवडेना, लोक गुरे-मेंढ्यांमागे फिरू लागले, अशी त्यांची मांडणी. राजे आणि लढाया यांपलीकडे जाऊन पाऊस-पाण्याला इतिहासाच्या केंद्रस्थानी आणण्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. डेक्कन कॉलेजमध्येच शरद राजगुरू नदीकाठच्या गाळाचे थर वाचत होते, म्हणून हा विचार तिथे रुजला. पण पाऊस घटल्याचा पुरावा बराचसा गावातल्याच बदलांतून काढलेला होता. झोपड्या लहान झाल्या म्हणून दुष्काळ, आणि दुष्काळ पडला म्हणून झोपड्या लहान, असे हे चक्र होते. ते तोडायचे तर गावाबाहेरचा, माणसाचा हात न लागलेला साक्षीदार हवा.

असा एक साक्षीदार लोणारला सापडला. उल्काघाताने झालेल्या विवरातल्या त्या खाऱ्या तळ्याला बाहेर वाट नाही, त्यामुळे पाऊस आणि बाष्पीभवन यांचा हिशेब तळाच्या गाळातच साठत जातो. गाळात नळी खोलवर घालून काढलेल्या नमुन्यात गेलुसाइट या खनिजाचे स्फटिक मिळाले. पाणी आटून क्षार फार दाट झाले की ते तयार होतात. गाळाचे वय ठरवल्यावर कोरडे काळ दोन निघाले: साधारण ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा.

इनामगावची पडझड आजपासून सुमारे ३००० ते २७०० वर्षांपूर्वीची. लोणारच्या दोन्ही कोरड्या काळांच्या ती मधे पडते! उलट दुसऱ्या कोरड्या काळात महाराष्ट्रात सातवाहन, वाकाटक, राष्ट्रकूट, यादव होऊन गेले, अजिंठ्याची चित्रे रंगली, वेरूळचे कैलास लेणे कोरले गेले. एका तळ्यावरून सगळ्या दख्खनचा पाऊस ठरत नाही, हे खरे. तरीही ‘कोरडे हवामान म्हणजे ऱ्हास’ हे सूत्र इथे टिकत नाही, असे मला ठामपणे वाटते.

कालमापनाचीही अडचण आहे. रेडिओकार्बन पद्धतीत वातावरणातल्या किरणोत्सारी कार्बनचे चढउतार धरून वय काढावे लागते. इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात तो आलेख जवळजवळ सपाट आहे, म्हणजे त्यातली शतके एकमेकांपासून नीट सुटी करता येत नाहीत. इनामगाव उठले ते नेमक्या याच टप्प्याच्या तोंडाशी.

पुढे जुन्या मानवी सांगाड्यांच्या अभ्यासक ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगावात घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरलेल्या लहान मुलांचे सांगाडे तपासले. उत्तर जोर्वे काळातल्या मुलांच्या हाडांवर उपासमारीचा ताण त्यांना दिसला. हाल खरेच झाले होते. मात्र हा मुलूख शेतकरी येण्याआधीपासूनच कमी पावसाचा होता आणि नेमका त्याच वेळी हवामान अचानक कोरडे झाल्याचे पुरावे दाखवत नाहीत, म्हणून एकट्या हवामानावर बोट ठेवता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटते. त्या चिमुकल्या हाडांना घाईचे उत्तर देऊ नये.

माणसाच्या आठवणी आणि निसर्गातल्या खुणा असे दोन्ही बाजूंचे पुरावे जुळतात तेव्हा काय होते, हे दुर्गादेवीच्या दुष्काळात दिसते. १३९६ पासून बारा वर्षे दख्खन होरपळल्याची आठवण बखरी आणि परंपरेने जपली. बस्तरच्या दंडक गुहेतल्या ठिबकत्या पाण्याने थराथराने वाढलेल्या चुनखडीच्या लवणस्तंभात ऑक्सिजनच्या जड-हलक्या अणूंचे प्रमाण थरागणिक मोजले गेले. पावसाळा जोरदार असला की हलक्या ऑक्सिजनचा वाटा वाढतो. युरेनियम-थोरियमवरून थरांचे वय काढल्यावर चौदाव्या-पंधराव्या शतकांत मोसमी पाऊस पुन्हा पुन्हा दुबळा पडल्याचे दिसले.

दगड इथवर सांगतो. पुढचे मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याने जुन्या कागदांवरून नोंदवले: ओस मुलूख वसवायला १४२९ मध्ये बहामनी दरबाराने आपला सरदार मलिक-उत्-तुज्जार याला पाठवले, दादू नरसू काळे याने गावांच्या सीमा नव्याने आखल्या, पहिल्या वर्षी सारा माफ केला आणि दुसऱ्या वर्षी बिघ्यामागे एक तोबरा (घोड्याच्या तोंडाला बांधायची चंदीची पिशवी) भरून धान्य घ्यायचे ठरवले.