नोंदवहीचा उतारा की गाडीची तपासणी? जुन्या गाड्यांचे दोन दाखले

जुनी जॅग्वार किंवा एमजीबी ही ब्रिटिश गाडी विकताना मालक बहुतेकदा एक सुबक कागद पुढे करतो: हेरिटेज सर्टिफिकेट. चॅसिस नंबर, इंजिन नंबर, मूळ रंग, गाडी कारखान्यातून कधी निघाली, कुठे रवाना झाली, हे सगळं त्यावर असतं. घेणाऱ्याला वाटतं, गाडी अस्सल ठरली. गल्लत होते ती इथेच.

हा कागद कंपनीच्या जुन्या नोंदवहीचा उतारा असतो. एमजीबी, ऑस्टिन-हीली यांच्या नोंदी इंग्लंडात गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये जपल्या आहेत. नोंद शोधून देणारा माणूस गाडी बघत नाही. त्या नंबरची गाडी कशी बनली होती, एवढंच तो सांगतो. आपल्या सातबाऱ्यासारखंच: उताऱ्यावर क्षेत्र बरोबर असतं, पण बांध कुठे सरकलाय हे मोजणी झाल्याशिवाय कळत नाही.

फेरारी क्लासिके, म्हणजे फेरारी कंपनीचाच जुन्या गाड्यांचा विभाग, जे प्रमाणपत्र देतो ते मोजणीच्या जातीचं. इथे चॅसिस, इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, ब्रेक, बॉडी असा एकेक भाग प्रत्यक्ष तपासून मारानेल्लोतल्या, म्हणजे फेरारीच्या कारखान्यातल्या, कागदपत्रांशी ताडला जातो. म्हणून बाजारात त्याचं वजन जास्त, आणि ते रास्तच आहे. पण त्यालाही मर्यादा आहे. मूळ भाग गेला असेल आणि त्या जागी मूळ आराखड्याबरहुकूम दुसरा बसवला असेल, तरी प्रमाणपत्र मिळू शकतं. म्हणून नुसता शिक्का पाहू नका. इंजिन त्याच गाडीचं आहे की त्याच प्रकारचं, हे आतल्या पानांत वाचा.

किंमत फिरते ती या फरकावर. लबाडीही तिथेच होते. जुन्या शेव्हरोले कॉर्व्हेटच्या इंजिन ब्लॉकवर पुढच्या बाजूला नंबराची एक सपाट पट्टी असते. कारखान्यातल्या यंत्रकामाच्या बारीक समांतर रेघा तिच्यावर दिसतात. जुना नंबर घासून नवा ठोकला की त्या रेघा जातात. शिवाय ब्लॉक ओतल्याची तारीख त्यावर वेगळी, ओतीव अक्षरांत असते. ती गाडी बनल्याच्या तारखेनंतरची निघाली, तर विषय संपला. हे टॉर्च घेऊन वाकणाऱ्यालाच दिसतं, कुठल्याही उताऱ्यात नाही.

कधी दोन्ही दाखले अपुरे पडतात. १९२९ आणि १९३० साली फ्रान्समधली ल मॉंची शर्यत जिंकलेल्या बेंटलीच्या ‘ओल्ड नंबर वन’चा, म्हणजे ही खरोखर तीच गाडी का याचा, वाद १९९० मध्ये लंडनच्या न्यायालयात गेला. तिचे मूळ भाग फारसे उरले नव्हते. तरीही इतिहास अखंड असल्यामुळे न्यायाधीशांनी ती खरी मानली. मला तो निकाल पटतो; शर्यतीची गाडी मोडणार आणि दुरुस्त होणारच.

भारतात आणखी एक घोळ दिसतो. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो: नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. विक्रेते त्यालाही अस्सलपणाचा पुरावा म्हणून मिरवतात. नोंदणी करणारं खातं गाडी पात्र आहे का ते ठरवतं. इंजिन जन्मापासून तेच आहे याची हमी ते देत नाही.

व्यवहाराआधी विक्रेत्याकडच्या झेरॉक्सवर न थांबता उतारा स्वतः मागवा, आणि त्यातला प्रत्येक नंबर जाणकार मेकॅनिकला सोबत घेऊन गाडीवर वाचा. ब्लॉकवर रंगाचा जाड थर असेल, तर तो काढायला विक्रेता तयार आहे का, हे आधी विचारा.