विषमता (संख्याशास्त्र)

आकडेवारीचे वितरण मध्यभागाच्या दोन्ही बाजूंना सारखे नसणे, म्हणजे विषमता. बहुतेक नोंदी एका टोकाशी दाटलेल्या आणि मोजक्या दुसरीकडे लांबवर पांगलेल्या असल्या, की आलेखाला शेपूट फुटते. शेपूट उजवीकडे असेल तर विषमता धन, डावीकडे असेल तर ऋण. नाव शेपटावरून पडते, उंचवट्यावरून नव्हे. शिकणाऱ्यांची गफलत नेमकी इथेच होते. उत्पन्न, विम्याचे दावे, रांगेत जाणारा वेळ यांची विषमता सहसा धन असते, कारण खाली शून्याची भिंत आणि वर मोकळे रान. सोप्या परीक्षेतल्या गुणांचे याच्या उलट.

समजा, सात जणांना रांगेत २, ३, ३, ४, ५, ६ आणि ४० मिनिटे थांबावे लागले. मध्य (बेरजेला संख्येने भागून येणारी सरासरी) ९, मध्यक (चढत्या क्रमात मधोमध येणारी नोंद) ४, बहुलक (सर्वांत जास्त वेळा आलेली नोंद) ३. सातांपैकी सहा जण ‘सरासरी’पेक्षा कमी थांबले आणि ९ मिनिटांच्या जवळपासही कोणी नाही! शेवटच्या माणसाला ४० ऐवजी १०३ मिनिटे लागली, तर मध्य दुप्पट होऊन १८ वर जातो. मध्यक ४ वरून हलत नाही. म्हणून मध्य टाकाऊ ठरत नाही. एकूण किती वेळ खर्ची पडला हे मध्याला संख्येने गुणून मिळते, मध्यकावरून ते कधीच काढता येत नाही. प्रश्न एखाद्या नेहमीच्या माणसाचा असेल, तर मात्र मध्यकच विचारावा.

पण नुसता मध्यकही पुरत नाही. अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये मेसोथेलिओमा हा कर्करोग झाल्याचे निदान झाले. निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक होता ८ महिने. ‘आपल्याला ८ महिने उरले’ असा अर्थ त्यांनी काढला नाही. निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगतात आणि शेपूट उजवीकडे बरेच लांब असणार, हे त्यांनी ओळखले. त्यांचे निधन २००२ मध्ये झाले.

विषमता मोजण्याचे एक सोपे माप संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांच्या नावाने ओळखले जाते: मध्यातून मध्यक वजा करून उरलेल्या फरकाच्या तिपटीला प्रमाण विचलनाने (नोंदी मध्यापासून किती पांगल्या आहेत याच्या मापाने) भागायचे. उत्तर −३ ते +३ यांच्या बाहेर जात नाही. वरच्या उदाहरणाप्रमाणे धन विषमतेत मध्य सर्वांत मोठा आणि बहुलक सर्वांत लहान असा क्रम पुष्कळदा दिसतो, पण तो नियम नव्हे. नोंदी पूर्णांकांत असल्या किंवा आलेखाला दोन उंचवटे असले, तर तो सहज मोडतो.