मोहावेतली निळी-पांढरी फुलं: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियातल्या मोहावे वाळवंटात पाऊस बरा झाला की लायनँथस पॅरीई ही जेमतेम बोटभर उंचीची वर्षायू वनस्पती वसंतात माळ झाकून टाकते. बहुतेक ठिकाणी पांढरीच फुलं. मधेच निळ्यांचा पट्टा लागतो, पुन्हा पांढरी. रंग एका जनुकावर ठरतो, निळा प्रभावी. स्वतःच्या परागाने बी धरत नाही. पराग नेतो एक चिमुकला भुंगेरा. वाद असा: हे निळे-पांढरे ठिपके निव्वळ योगायोगाने पडले, की निसर्गनिवडीने?

वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल एप्लिंग आणि जनुकशास्त्रज्ञ थिओडोसियस डोब्झान्स्की यांनी शंभर-शंभर झाडांचे नमुने मोजून १९४२ मध्ये हे ठिपके नोंदवले. पुढच्याच वर्षी जनुकशास्त्रज्ञ स्यूअल राइट यांनी त्याच आकड्यांवरून हे जनुकीय विचलनाचं, म्हणजे लहान गटात जनुकांचं प्रमाण योगायोगाने सरकण्याचं, उदाहरण ठरवलं. हिशेब असा: २० झाडांच्या गटात जनुकाची दोन रूपं निम्मी-निम्मी असतील, तर निव्वळ योगायोगाने पुढच्या पिढीत प्रमाण साधारण ८ टक्क्यांनी सरकतं. २,००० झाडांत एक टक्काही नाही. म्हणजे सगळी भिस्त 'गट किती लहान' यावर.

आणि घोळ तिथेच होता. एप्लिंग, लुइस आणि बॉल यांनी ठरलेल्या पट्ट्यात वर्षानुवर्षं मोजणी केली. १९६० च्या त्यांच्या लेखात निळ्याचं प्रमाण जवळपास जागेवरच दिसतं. कारण जमिनीखाली: बी मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतं. कोरड्या साली वर चार झाडं दिसली म्हणून गट चार झाडांचा होत नाही. फक्त वरची झाडं मोजणाऱ्याची हीच चूक होते. राइट मात्र १९७८ मध्येही विचलनावर ठाम होते.

डग्लस शेम्स्की आणि पॉलेट बिअरझिहुडेक यांनी मग रंगांऐवजी बिया मोजल्या. कोरड्या वसंतात निळ्यांना जास्त बी, ओल्या वसंतात पांढऱ्यांना (२००१). २००७ चा पुरावा माझ्या मते निर्णायक. एका घळीच्या एका काठाला जवळपास सगळी निळी, दुसऱ्याला पांढरी. रंगाशी संबंध नसलेली, पण जनुकांवरच ठरणारी विकरं (एन्झाइम) तपासली, तर दोन्ही काठ सारखेच. विचलनाने फारकत झाली असती तर तीही वेगळी निघायला हवी होती. शिवाय अदलाबदल दोन्ही दिशांनी केली: निळी पांढऱ्यांच्या काठावर लावली, पांढरी निळ्यांच्या. एकाच दिशेने केली असती तर अमुक जागा चांगली एवढंच कळलं असतं. इथे प्रत्येक रंग आपापल्या काठावर सरस ठरला, दुसऱ्याच्या काठावर मागे पडला.