दोरी आणि दोरी ओढणारा हात

चाकण-पिंपरीच्या कारखान्यांत काम केलेल्याला 'कायझेन' (कामात सतत छोट्या-छोट्या सुधारणा) आणि 'अँडॉन' (दोष दिसताच इशारा देण्याची सोय) हे टोयोटाच्या पद्धतीतले शब्द नवे नाहीत. पण पद्धत आली म्हणजे तिच्यामागची संस्कृतीही आली, ही गल्लत मोठमोठ्यांची झाली आहे. अमेरिकेतल्या जनरल मोटर्स (जीएम) या मोटार कंपनीचीही झाली.

अँडॉनची दोरी असेंब्ली लाइनच्या कडेने, हात पोचेल अशी टांगलेली असते. बोल्ट नीट बसला नाही की कामगार ती ओढतो. लाइन लगेच थांबत नाही, बरं का. आधी दिवा लागतो, धून वाजते, टीम लीडर येतो. गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत पोचेस्तोवर दोष निघाला नाही, तरच लाइन थांबते. ही झाली पद्धत. ती विकत मिळते. आलेला टीम लीडर "काय झालं?" विचारतो की "कोणी ओढली?", ही झाली संस्कृती.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जीएमचा कारखाना गैरहजेरी आणि भांडणांसाठी बदनाम होता. १९८२ मध्ये त्याला टाळं लागलं. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तोच 'नुम्मी' या नावाने सुरू झाला. बहुतेक कामगार जुने, युनियनही तीच. मग बदललं काय? पूर्वी इंजिनिअर स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या डोक्यावर उभा राहायचा. आता कामगारच एकमेकांच्या कामाची वेळ मोजून पद्धत लिहू लागले आणि सुधारू लागले. सुधारणा सुचवली तर आपलीच नोकरी जाईल, ही भीतीही कमी झाली: १९८८ च्या सुमारास विक्री पडली, तेव्हा कपात झाली नाही, रिकाम्या हातांना प्रशिक्षणाला बसवलं. माझ्या मते खरी किल्ली इथे होती, दोरीत नव्हती.

मग जीएमने हाच प्रयोग लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइसला केला. टीम आल्या, बैठका आल्या. पण तिथे कारखाना बंद होण्याची टांगती तलवार होती, कामगारांत फूट पडली, आणि १९९२ मध्ये कारखाना बंदच झाला.

पुढे २०१४ मध्ये सदोष इग्निशन स्विचपायी जीएमला सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्या स्विचची तक्रार कंपनीत दहाएक वर्षं फिरत होती. चौकशी अहवालात एका सवयीचं नाव आलं, 'जीएम नॉड': बैठकीत सगळ्यांनी मान डोलवायची, आणि दाराबाहेर पडल्यावर कोणीच काही करायचं नाही.